परदेशातलं हॉटेल: बॅग उघडण्याआधीचा अर्धा तास

सहलीच्या पत्रकात हॉटेलच्या नावापुढे बारीक अक्षरात 'किंवा तत्सम' असं छापलेलं असतं. इंग्रजी व्हाउचर असेल तर 'ऑर सिमिलर'. फोटो पहिल्या हॉटेलचा, भाव पहिल्या हॉटेलचा, आणि मुक्काम तत्समात. जळगाव, धुळे, नंदुरबारहून बँकॉक-पटाया, दुबई, सिंगापूर किंवा युरोपच्या ग्रुप टूरला जाणाऱ्यांच्या अर्ध्याअधिक तक्रारींचं मूळ या दोन शब्दांत असतं, असं माझं मत आहे. बाकीच्या तक्रारींचं मूळ खोलीत पाय ठेवल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात सापडतं. आपण तो अर्धा तास पलंगावर आडवं पडून घालवतो.

आधी तत्समाचं बघू. गावातला एजंट बहुतेक वेळा हॉटेलशी थेट बोलत नाही. मधे मुंबईचा किंवा परदेशातला घाऊक बुकिंगवाला असतो, आणि त्याच्याकडे त्या भावात ज्या खोल्या मोकळ्या असतील त्या शेवटच्या आठवड्यात मिळतात. म्हणून पैसे भरतानाच व्हॉट्सअॅपवर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. हॉटेलचं पक्कं नाव निघायच्या किती दिवस आधी कळेल. तत्सम म्हणजे त्याच भागातलं, तितक्याच ताऱ्यांचं आणि नाश्त्यासकट, हे मान्य आहे का. आणि हॉटेल बदललं व ते स्वस्त निघालं, तर फरक परत मिळेल का. फोनवर 'हो हो, काळजीच करू नका भाऊ' हे ऐकायला गोड लागतं, पण पुढे दाखवायला कागद लागतो.

ताऱ्यांवर फार विसंबू नये. जगभर लागू असलेली एकच ताऱ्यांची पद्धत अस्तित्वात नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांची मिळून 'हॉटेलस्टार्स युनियन' आहे, फ्रान्सची स्वतःची वेगळी पद्धत आहे, आणि काही बुकिंग साइटी आपल्या हिशोबाने तारे लावतात. शिवाय तारे मोजतात त्या सोयी: लिफ्ट, टीव्ही, रिसेप्शन किती तास उघडं, वगैरे. चादर धुतलेली आहे का, हे ताऱ्यांत येत नाही. त्यासाठी मागच्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय वाचावेत, आणि त्यातले सगळ्यात कमी गुणांचे आधी. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या माणसांनी केली असेल तर ती खरी धरून चालावं.

खोली केवढी, हे चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचून पुढे जातो. हिशोब सोपा आहे: १ चौरस मीटर म्हणजे साधारण पावणेअकरा चौरस फूट. आपल्याकडची दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. पॅरिस किंवा हाँगकाँगच्या स्वस्त हॉटेलात १० ते १२ चौरस मीटरच्या खोल्या मिळतात, आणि त्यात बाथरूमही धरलेलं असू शकतं. तेवढ्यात डबल बेड टाकला की दोन मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येत नाहीत. एक पलंगावर उघडायची, ती मिटली की दुसरी. तिघांची खोली मागितली असेल तर तिसरा पलंग घडीचा असतो, आणि तो रात्री पसरला की दाराची वाट बंद होते.

पलंगाच्या शब्दांतही फसगत आहे. 'डबल' म्हणजे दोघांसाठी एक पलंग, 'ट्विन' म्हणजे दोन वेगळे. युरोपात डबलची रुंदी १४० सेंटिमीटरही असते, म्हणजे जेमतेम साडेचार फूट. सासू-सून एका खोलीत असतील किंवा दोन मित्र असतील, तर बुकिंगवर 'ट्विन' लिहिलेलंच हवं. 'रिक्वेस्ट केली आहे' याचा अर्थ मिळेलच असा होत नाही.

खिडकीचं तर विचारायलाच हवं. सिंगापूर, क्वालालंपूर, हनोई, हो ची मिन्ह सिटी इथल्या स्वस्त हॉटेलांत बिनखिडकीच्या खोल्या सर्रास विकतात. काही ठिकाणी खिडकी असते, पण ती उघडते व्हरांड्यात किंवा शेजारच्या भिंतीवर. बुकिंगच्या पानावर खोलीच्या नावात 'नो विंडो' किंवा 'इंटिरियर' असेल तर त्याचा अर्थ हाच.

जागा निवडताना 'शहराच्या मध्यापासून २ किलोमीटर' हे अंतर सरळ रेषेत मोजलेलं असू शकतं. मधे नदी असली की संपलं. नकाशावर मेट्रो स्टेशनपर्यंत चालायची वाट काढून बघावी. स्वस्त भाव ज्या गल्लीत मिळतो, ती गल्ली रात्री कशी असते हेही बघावं. सिंगापूरचं गेलांग, बँकॉकचा नाना परिसर, पटायाचा वॉकिंग स्ट्रीट इथे खोल्या स्वस्त मिळतात, पण बारचा आवाज पहाटेपर्यंत चालतो आणि आईवडील, लेकरं सोबत असतील तर खाली उतरताना अवघड होतं. त्यापेक्षा सिंगापूरला लिटल इंडिया, दुबईला बर दुबई, क्वालालंपूरला ब्रिकफील्ड्स बघा. खोली साधी असेल, पण शाकाहारी जेवण पायी मिळतं.

आता आपल्या भागातल्या लोकांना खास नडणारी गोष्ट. जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. विमान मध्यरात्रीनंतरचं असतं, विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, म्हणून माणूस घरातून सकाळीच निघतो. बँकॉकचं विमान साडेचार तासांच्या आसपास घेतं, घड्याळ दीड तास पुढे जातं, आणि उजाडता उजाडता आपण हॉटेलच्या दारात. चेक-इन दुपारी २ किंवा ३ ला. म्हणजे घर सोडल्यापासून चोवीस तास होत आले तरी पाठ टेकायला जागा नाही. रिसेप्शनवरचा मुलगा हसून 'रूम नॉट रेडी' म्हणतो आणि सहलीचा पहिला दिवस लॉबीतल्या सोफ्यावर जातो. यात हॉटेलची चूक नसते. आदल्या पाहुण्याने ११-१२ वाजता खोली सोडली की मग ती साफ होते.

यावर उपाय दोन. म्हातारी माणसं किंवा लहान मूल असेल तर आदल्या रात्रीचंही बुकिंग करावं. पण ते नुसतं करून भागत नाही. समजा १० तारखेच्या पहाटे ६ ला पोचणार आहात, तर बुकिंग ९ तारखेपासून हवं, आणि हॉटेलला लेखी कळवायला हवं की आम्ही १० तारखेला पहाटे येतोय, खोली ठेवा. हे कळवलं नाही तर ९ च्या रात्री तुम्ही आला नाहीत म्हणून हॉटेल 'नो-शो' टाकतं, आणि कधी कधी पुढच्या सगळ्या रात्रीही रद्द होतात. पैसे दिलेले, खोली दुसऱ्याला गेलेली. दुसरा उपाय कमी खर्चाचा: बॅगा हॉटेलात ठेवायच्या, बहुतेक ठिकाणी त्याचे पैसे पडत नाहीत. टॉवेल, एक जोडी कपडे, ब्रश आणि औषधं हातातल्या पिशवीत वेगळी काढून ठेवायची. बॅग मोठ्या ढिगाखाली गेली की मग चड्डी-बनियनसाठी हमालाला विनवण्या.

काउंटरवर पोचलं की पैशांचा विषय निघतो. बुकिंग 'फुल पेड' असलं तरी काही कर तिथेच भरायचे असतात. दुबईत टुरिझम दिरहम आहे, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे खोलीमागे रात्रीला ७ ते २० दिरहम. मलेशियात १ सप्टेंबर २०१७ पासून परदेशी पाहुण्यांना खोलीमागे रात्रीला १० रिंगिट. हे दोन्ही खोलीवर आहेत. रोममध्ये कर डोक्यावर आहे: तीन ताऱ्यांच्या हॉटेलला माणशी रात्रीला ६ युरो. चार मोठी माणसं, तीन रात्री, म्हणजे ७२ युरो, आणि ते पत्रकात कुठेच नसतात. अॅमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या भावावर साडेबारा टक्के.

भावापुढे दोन अधिकची चिन्हं, म्हणजे 'प्लस प्लस' दिसलं तर त्यात सेवाशुल्क आणि कर धरलेले नाहीत. थायलंडमध्ये १० टक्के सेवाशुल्क, आणि त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट. १००० बाटचे होतात ११७७. सिंगापुरात १० टक्क्यांवर २०२४ पासून ९ टक्के जीएसटी, म्हणजे १०० चे जवळपास १२०. हॉटेलातल्या जेवणालाही हेच गणित लागतं.

डिपॉझिट हा वेगळा प्रकार. खोलीत काही मोडतोड झाली तर म्हणून हॉटेल कार्डावर रक्कम अडकवून ठेवतं. क्रेडिट कार्ड दिलं तर मर्यादेतली तेवढी रक्कम काही दिवस गोठते, एवढंच. डेबिट कार्ड दिलं तर खात्यातले स्वतःचे पैसे अडकतात, आणि सुटायला आठवडा-दोन आठवडेही लागू शकतात. तोवर सहल संपलेली असते. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून घेतलेलं कार्ड, काही हॉटेलं डिपॉझिटला घेतच नाहीत. रोख दिलं तर पावती घ्यायचीच, आणि परतीचं विमान पहाटेचं असेल तर आदल्या संध्याकाळी विचारून ठेवायचं की पहाटे ४ ला काउंटरवर रोकड परत देणारा माणूस असेल का. कार्ड घासताना मशीन विचारतं, रुपयात की स्थानिक चलनात? स्थानिक चलन निवडा. रुपये दिसले की बरं वाटतं, पण तो दर मशीनवाल्याने आपला नफा धरून लावलेला असतो.

आता तो अर्धा तास.

खोली उघडली की बॅगा पलंगावर किंवा गालिच्यावर ठेवायच्या नाहीत. सरळ बाथरूमच्या फरशीवर न्यायच्या, कारण ढेकूण असले तर ते गादीत आणि गालिच्याच्या कडेला असतात, गुळगुळीत फरशीवर सहसा नाही. मग मोबाइलचा टॉर्च लावायचा. चादर चारही कोपऱ्यांतून वर करायची आणि गादीच्या कडेची शिवण बोटाने उलगडत बघायची. बॉलपेनची शाई टेकल्यासारखे काळे ठिपके, वाळलेल्या रक्ताचे तांबूस डाग, पिवळट कात, हे पुरावे. मोठा ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा असतो, रंगही साधारण तसाच. मग डोक्याकडच्या लाकडी फळीची मागची बाजू. दिसले तर फोटो काढून तडक खाली जायचं. दुसरी खोली मागताना शेजारची, वरची किंवा खालची घ्यायची नाही, कारण ते भिंतीतल्या वायरिंगच्या आणि पाइपच्या फटींतून फिरतात.

ढेकणांची शंका असेल तर घरी आल्यावर सहलीतले कपडे ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावेत. बॅग मे महिन्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या गच्चीवर, टाकली की काम झालं असं आपल्याकडे म्हणतात. आपलं ऊन कडक हे खरं, पण उघडी बॅग ठेवली तर ढेकूण सावलीच्या शिवणीत सरकतो. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली तर आत ५० अंशांच्या वर जायची शक्यता वाढते. जाड अस्तराच्या बॅगेची तरीही खात्री नाही.

नंतर एसी. चालू करून दहा मिनिटं थांबा, हात लावून हवा बघा. आशियात एसी बिघडलेला असला तर तो दुरुस्त होतो किंवा खोली बदलून मिळते. युरोपात गोष्ट वेगळी. तिथल्या बऱ्याच जुन्या हॉटेलांत एसी नसतोच. काही ठिकाणी इमारतभर पाण्याची एकच लाइन फिरते, थंडीत त्यातून गरम पाणी सोडतात आणि उन्हाळ्यात थंड. एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरात अवेळी उकडलं तर तुमच्या खोलीतलं बटण कितीही खाली आणा, ते फक्त पंखा कमी-जास्त करतं. लाइन बदलणं मालकाच्या हातात, आणि तो एका खोलीसाठी ती बदलत नाही. ४५ अंशांत कूलरसमोर झोपणारा भुसावळचा माणूस पॅरिसच्या २८ अंशांत रात्रभर तळमळतो, याचं कारण एवढंच की तिथे छताला पंखा नसतो आणि खिडकी विताएवढीच उघडते. रिसेप्शनवर टेबलफॅन मागा. त्यांच्याकडे मोजकेच असतात, संध्याकाळपर्यंत संपतात.

बाथरूममध्ये गटाराचा वास आला तर लगेच खोली बदलायला पळू नका. मोरीच्या जाळीखाली पाइपला वाकण असतं आणि त्यात थोडं पाणी साचून राहतं. ते पाणी खालची दुर्गंधी अडवतं. खोली बरेच दिवस रिकामी असली की ते पाणी वाळतं आणि वास वर येतो. जाळीत दोन-तीन तांबे पाणी ओता, बेसिन आणि टबमध्येही नळ सोडा, पंधरा मिनिटं थांबा. वास गेला तर प्रश्न मिटला. तरीही राहिला तर बिघाड पाइपमध्येच असू शकतो आणि खोली बदलावीच लागते. गरम पाणी बघताना नळ पाच मिनिटं वाहू द्या, वरच्या मजल्यांवर ते पोचायला वेळ लागतो.

दाराची आतली कडी, लॉकर, खिडकीची कडी हे एका मिनिटात बघून होतं. इन्सुलिन असेल तर मिनीबारवर भरवसा ठेवू नये. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात आणि ते छोटे फ्रिज तेवढे थंड होतीलच असं नाही. रिसेप्शनला सांगून हॉटेलच्या मोठ्या फ्रिजमध्ये ठेवून घ्या. काही मिनीबारना सेन्सर असतो, आपली पाण्याची बाटली ठेवायला आतली बाटली सरकवली तरी ती बिलात चढते.

काही भुर्दंड आपण आपल्या हाताने ओढवतो. युरोपातल्या बाथरूमला बहुधा खाली मोरीची जाळी नसते. पाणी जायला वाट फक्त टबमध्ये. आपण सवयीने बाहेर उभं राहून अंगावर पाणी घेतलं की ते दाराखालून गालिच्यावर, तिथून खालच्या खोलीच्या छतावर, आणि मग बिलावर. अंघोळ टबमध्येच, पडदा टबच्या आत सोडून. संडासात जेट स्प्रे नसतो, त्यासाठी रिकामी बाटली जवळ ठेवावी. थायलंड, व्हिएतनाममध्ये स्प्रे बहुतेक ठिकाणी असतो.

दुसरं म्हणजे खोलीत स्वयंपाक. छताला धूर ओळखणारं यंत्र असतं, त्याला मिरचीची फोडणी आणि उदबत्ती यांतला फरक कळत नाही. भोंगा वाजला की सगळी इमारत रस्त्यावर येते आणि दंड लागतो. चहाच्या किटलीत दूध किंवा खिचडी शिजवू नये. किटली बंद होते ती वाफ तिच्या खटक्यापर्यंत पोचल्यावर. दूध त्याआधीच उतू जातं, खिचडी तळाला लागून जळते, आणि किटलीचे पैसे भरावे लागतात. किटलीत नुसतं पाणी उकळा, आणि स्टीलच्या डब्यात पातळ पोहे किंवा तयार उपमा त्यात भिजवून झाका. सोबतच्या दशम्या बँकॉकच्या दमट हवेत घरच्याइतक्या टिकत नाहीत, त्या आधी संपवा, खाकरे आणि शेंगदाण्याची चटणी मागे ठेवा. बाहेर जेवताना व्हिएतनाममध्ये 'चाय' आणि थायलंडमध्ये 'जे' हे शब्द शाकाहारासाठी कामाला येतात. नुसतं 'व्हेज' म्हटलं तर माशाचा सॉस पडलेली भाजी येते.

खोली खरंच वाईट असेल तर तक्रार कशी करायची? बॅग उघडलेली नसताना, पलंग वापरलेला नसताना. सकाळी केलेल्या तक्रारीला 'रात्रभर राहिलात ना' हे उत्तर मिळतं. फोटो आणि छोटा व्हिडिओ काढा, खोलीचा नंबर दिसेल असा. रिसेप्शनवर तोंडी सांगा आणि लगेच बुकिंगच्या अॅपमधून किंवा एजंटच्या व्हॉट्सअॅपवर लेखी पाठवा. इंग्रजी मोडकं चालतं: 'रूम ४१२, एसी नॉट कूलिंग, बेडबग फोटो अटॅच्ड, प्लीज चेंज रूम टुनाइट.' मागणी एकच आणि स्पष्ट हवी. वाईट खोली, खराब चहा, उद्धट मुलगा असं सगळं एकत्र लिहिलं की कशावरच काही होत नाही. काउंटरवरचा मुलगा ऐकत नसेल तर ड्यूटी मॅनेजर मागा आणि त्याचं नाव टिपून ठेवा. हॉटेलने जास्तीच्या खोल्या विकल्या असतील आणि तुम्हाला खोलीच नसेल, तर तितक्याच किंवा वरच्या दर्जाचं दुसरं हॉटेल आणि तिथवरची गाडी त्यांच्या खर्चाने मागा. लेखी उत्तर हातात आल्याशिवाय दार सोडू नका. स्वतःहून निघून गेलात की बुकिंग तुम्ही सोडलं असं धरतात.

परत आल्यावर. कार्डाने थेट बुकिंग केलं असेल तर बँकेकडे 'ठरल्याप्रमाणे सेवा मिळाली नाही' म्हणून व्यवहारावर हरकत घेता येते. याला मुदत असते, म्हणून पहिल्या आठवड्यातच. परदेशी हॉटेलवर इथून दावा लावून पैसे वसूल करणं अवघड आहे, तिथे कार्डाची हरकत हाच व्यवहार्य रस्ता.

गावातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं असेल तर मात्र बाजू भक्कम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी चोपड्याचा माणूस जळगावच्या जिल्हा आयोगात, शिरपूरचा धुळ्याच्या आयोगात जाऊ शकतो. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघावा, बरेच एजंट तेवढ्यावर बोलायला तयार होतात. नाही झाले तर आधी लेखी नोटीस, मग तक्रार. ती ई-जागृती पोर्टलवर घरबसल्याही दाखल होते. सोबत लागतं ते हे: मूळ पत्रक (फोटोवालं), पैशांच्या पावत्या, व्हाउचर, हॉटेलचं बिल आणि व्हॉट्सअॅपचं संभाषण. फोन बदलायचा असेल तर हे संभाषण आधी बाहेर काढून ठेवा, आणि पत्रक रद्दीत गेलं असेल तर ग्रुपमधल्या दुसऱ्या कुटुंबाकडे विचारा.